नीता कार्डावर चालत नाही म्हणे

बायांनो, आज आमच्याकडे सगळ्यात आधी टपकली शेजारची खतिजाबी, मूळची रत्नागिरीची. तिच्यामागून नीता. ही इथे आखातात सरकारी दवाखान्यात मुलांना बोलायला शिकवते. अजून इथलं लायसन नाही, म्हणून मोठे डॉक्टर शेजारी बसून बघतात.

आमचा नातू पिंटू चार वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलले की टेबलाखाली जायचा. नीताने मराठीत गोंजारून बाहेर काढला. आणि परवा बोलला! काय, तर "यल्ला!" म्हणजे अरबीत 'चला'. बापाचं ऐकून ऐकून. मी हसताहसता रडले.

आज नीता म्हणते, "आजी, उद्यापासून मी नाही. लायसन नसलेल्यांचं शिकवणं विमावाले हेल्थ कार्डावर धरत नाहीत."

"अगं, पण डॉक्टर असतात ना शेजारी!"

"मग त्यांनीच शिकवावं, म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांना मराठी येतं का? पोर पुन्हा टेबलाखाली गेलं तर हा नियम काढणार का त्याला बाहेर?

खतिजाबी म्हणाली, "घरी येऊन शिकव गं." नीता म्हणाली, "डॉक्टर नसताना नाही शिकवणार." सरळ पोर आहे हो!

म्हणून मंडळाच्या फळ्यावर हे लावतेय. तुम्हीच सांगा, यात तिचं काय चुकलं? नीता आणि खतिजाबी डॉक्टरांनाच घेऊन पिंटूला शिकवायला आमच्या घरी येणार आहेत, शुक्रवारी, डॉक्टरांच्या सुट्टीच्या दिवशी.