दुकानाचा रकाना

सांगा बरं, विश्वास ठेवायचा तर कोणावर? डब्यावर छापलेल्या आकड्यांवर, मिस्त्रीच्या कानावर, की गिऱ्हाइकाच्या शपथेवर? वाशीमला स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवता चालवता या एका प्रश्नाचे इतके किस्से जमलेत की ड्रॉवर बंद होत नाही. त्यातले निम्मे क्रँक सेन्सरचे.

बोटाएवढा पार्ट. इंजिनातल्या फिरत्या चाकाचे दात मोजतो, त्यावरून ठिणगीची वेळ ठरते. दात आणि सेन्सर यांच्यात बारीकशी फट. ती जरा वाढली तरी मंद इंजिन चालवून घेतं. जोरात फिरणाऱ्या इंजिनात मात्र दात मोजणीतून निसटतात आणि गाडी खोकते.

०

एक जण म्हणाला, सगळ्यात भारी द्या. मी विचारलं, जुना दोन तारांचा होता की तीन? म्हणे, तुम्ही द्या तर. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत हजर.

"तीन तारा निघाल्या न याले. एक उरली, तिले गाठ मारून देली."

०

एक सेल्समन आला. मी विचारलं, इंजिन पुरतं ताणल्यावर तुमचा सेन्सर दात मोजतो का? "सेठ, डोळे मिटून लावा!"

तेव्हापासून डोळे मिटून लावायचा माल मी डोळे उघडे ठेवून परत करतो.

०

मग मी एक वहीच सुरू केली. कोणता सेन्सर, कोणत्या इंजिनातून परत आला आणि दोष कोणाचा, त्याचे तीन रकाने: कंपनी, मिस्त्री, गिऱ्हाईक. मिस्त्री लोक माल घेण्याआधी वही चाळू लागले. एकानं स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, "काका, अक्षर तरी चांगलं काढत जा."

०

शेलूबाजारच्या शब्बीर मिस्त्रीचं नाव वहीत कधीच नव्हतं. ते यंदा आलं, लागोपाठ तीनदा.

रिठदची प्रांजली मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवते. घरी वांगी, कोथिंबिरीचा मळा. तिचं इंजिन शब्बीरभाईंनी बांधलेलं. गाडी गल्लीत गोड चाले, ट्रॅकवर ताणली की खोके. तीन सेन्सर बदलले. मी तिन्ही वेळा लिहिलं, मिस्त्री. बाजारात बोलणं सुरू झालं की म्हाताऱ्याचा हात गेला. रविवारी रेस. प्रांजलीनं त्यांना हळूच सांगून टाकलं की या वेळी नाही जमलं, तर इंजिन अकोल्याला देईन.

शुक्रवारी दोघं भाजीच्या पिकअपमध्ये गाडी टाकून दुकानात आले. मी म्हटलं, चौथा माझ्यासमोर बसवा.

शब्बीरभाईंनी सेन्सर ठेवला. काउंटरवरचं माझं व्हिजिटिंग कार्ड उचललं, दुहेरी घडी घातली, फटीत सरकवलं, स्क्रू आवळले आणि कार्ड ओढून काढलं.

"शब्बीरभाई, हे काय?"

"पंधरा वर्सं झाले सेठ, तुमच्याच कार्डानं फट मोजून राह्यलो. बरोब्बर बसते."

दिवाळीला मी नवी कार्डं छापली होती. जाड, चकचकीत, सोनेरी अक्षरांची.

ड्रॉवर उपसून तळातलं एक जुनं, पातळ, पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि गुपचूप त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्क्रू सैल करून जुन्या कार्डानं फट पुन्हा लावली. प्रांजलीनं गाडी ताणली. समोरचा कापडवाला बाहेर धावत आला. आरपीएमचा काटा टोकाला टेकला, तरी इंजिन खोकलं नाही.

 शब्बीरभाईंनी वही उघडून पेन माझ्यापुढं धरला. मी कुठं लिहावं ते शोधत राहिलो.

"काका," प्रांजली वाकून म्हणाली, "याच्यात दुकानाचा रकानाच नाही न."

रेघ मारायला पट्टी तिनंच मागितली. तुम्हीही अशी वही ठेवत असाल, तर एक करा: तो रकाना आधी आखा.