शेजारचं पुरलेलं दार

जरबीबीच्या गावात दारं आत उघडतात. जाबोलहून आलेल्या एका सुतारानं एकदा बाहेर उघडणारं दार बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरातली माणसं घुमटाच्या भोकातून दोरीनं वर काढावी लागली. सुताराला त्यानंतर गावात कुणी चहा विचारला नाही.

वारा उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडून सुरू होतो आणि एकशे वीस दिवस राहतो. घरं त्याच्याकडे पाठ करून बसलेली. तो पाठीवर आदळतो, छपरावरून उडी मारतो आणि पलीकडे दारात आपलं ओझं टाकून पुढे जातो. रात्रीत कमरेएवढी वाळू चढते. म्हणून दिवस मावळताना फावडं आत घ्यायचं. ज्याचं फावडं बाहेर राहिलं त्याचं दार शेजाऱ्यानं उकरायचं, आणि पुरलेलं दार मागे टाकून कुणी गाव सोडायचं नाही. सोडणाऱ्याला वारा वाटेत गाठतो, असं म्हणत. वाऱ्यानं गाठलेलं माणूस जरबीबीनं कधी पाहिलं नव्हतं. पण दार टाकून गेलेलंही पाहिलं नव्हतं.

ती पंधराव्या वर्षी घरांच्या या ओळीत आली ती लव्हाळ्याच्या होडीतून. तेव्हा हामून तळं उंबऱ्यापासून शंभर पावलांवर होतं. तिचा नवरा, नाव नजर, मासे धरायचा, लव्हाळी कापायचा, आणि गायी पोहत चरायला जायच्या. मग पाणी गेलं. आधी मासे गेले, मग लव्हाळी, मग गायी, मग माणसं. आता तळ्याचा तळच रोज उठून गावात येतो. नजरच्या छातीत तो तळ साचत गेला आणि नऊ वर्षांपूर्वी तो त्यातच मेला. धाकटा दीर शीरदिल त्याच्याही आधी गेला. भर दुपारी अंधारलेल्या रस्त्यावर समोरून येणारा ट्रक त्याला दिसला नाही.

ओळीतल्या अकरा घरांपैकी दोनच राहती उरली होती. एक जरबीबीचं, आणि भिंतीला भिंत लावून शीरदिलच्या बायकोचं, गुलंदामचं.

गुलंदाम सात वर्षांनी लहान, हाडापेरानं दणकट आणि बिनलेकराची. जरबीबीला एकच मुलगा, इदू. पण त्या एका मुलाचा तिनं तीस वर्षं डांगोरा पिटला होता. भाकरी भाजताना, सरपण तोडताना, वाऱ्याकडच्या खिडकीत लावलेल्या काटेरी झुडपांवर गारव्यासाठी पाणी मारताना, काही निमित्त काढून ती म्हणायची, "माझं बाई बरं आहे, मला उकरून काढायला मुलगा आहे." गुलंदाम ऐकून घ्यायची. उत्तर तिनं एकच दिलं, आणि तेही तोंडानं नाही. नवरा गेल्यापासून तिचं फावडं दोन दिवसांआड बाहेर राहू लागलं. 'विसरले बीबी,' एवढंच म्हणायची. जरबीबी शिव्या घालत दार उकरायची. तिच्या शिव्या वाळूच्या आरपार आत ऐकू जात, आणि आतून चहाच्या पेल्यांचा आवाज येई.

इदू एकोणिसाव्या वर्षी गुरगानला गेला. तिकडे हिरवळ आहे, समुद्र जवळ आहे, आणि इकडून, सीस्तानातून गेलेल्यांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. तो गिलावा करायचा. गेल्या हिवाळ्यात जाबोलच्या डॉक्टरनं जरबीबीच्या छातीचं चित्र उजेडासमोर धरलं आणि सांगितलं की पुढचा वारा इथे काढू नका, काढलात तर त्याच्या पुढचा बघायला असणार नाही. तिनं ते हसण्यावारी नेलं. इदूनं नेलं नाही. त्यानं आपल्या घरामागे एक खोली बांधायला घेतली. छप्पर घालायला उशीर झाला आणि तोवर वारा सुरू झाला. वाऱ्याच्या चव्वेचाळिसाव्या दिवशी निरोप आला की बलोच ड्रायव्हर करीमदाद उद्या सामान घेऊन गुरगानला निघतोय, त्याच्याजवळ पुढे एक माणूस मावेल. तो शाळेपाशी थांबेल, तीनदा भोंगा वाजवेल आणि निघेल. दहानंतर रस्ता बंद होतो, म्हणून थांबणार नाही. यानंतरची गाडी वारा पडल्यावर.

त्या संध्याकाळी जरबीबी शेजारी गेली. सांगायला म्हणून गेली, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. गुलंदाम कश्काचे, वाळवलेल्या दह्याचे, गोळे फोडत बसली होती. जरबीबीनं करीमदादची गाडी सकाळी शाळेपाशी कशी येणार आहे, खोली कशी आहे, पाण्याचा नळ कसा घरात आहे, सून फोनवर किती गोड बोलली, हे सगळं सावकाश सांगितलं. मध्ये दोनदा खोकली. गुलंदामनं मान वर केली नाही.

"इदूच्या घरात खोल्या किती?" तिनं एवढंच विचारलं.

"त्याच्या दोन आणि माझी एक. का गं? तुला काय करायच्यात?"

"काही नाही. काकी म्हणायचा मला. पहिलं पाऊल माझ्या उंबऱ्यावर टाकलं त्यानं."

"टाकलं असेल. उंबरे ओलांडायलाच असतात." जरबीबी उठली. दारापाशी थांबून तिनं ते वाक्य टाकलं, जे ती वाटेतच जुळवत आली होती. "आता तुझं दार कोण उकरणार, गुलंदाम? विसरत जाऊ नकोस हो फावडं."

गुलंदामचा हात गोळ्यावर थांबला. मग तिनं तो गोळा दगडानं फोडला.

सकाळी जरबीबीनं दार आत ओढलं तेव्हा वाळू गुडघ्यापर्यंत घरात कोसळली. ती तिनं शेवटची म्हणून जवळजवळ मायेनं बाहेर लोटली. तोंडाला ओला फडका बांधला, डोळ्यांवर नवऱ्याचा जुना धुळीचा चष्मा चढवला, गाठोडं पाठीवर घेतलं. गाठोड्यात कपडे, औषधं, नजरचा फोटो, घडी घातलेली गोधडी आणि इदूसाठी भाजलेले गोड कुलुचे. बाहेर पडली तर चार हातांवरचं काही दिसत नव्हतं. भिंत चाचपत ती निघाली, आणि हात भिंतीवरून शेजारच्या दाराकडे गेला तर दार नव्हतंच. चौकटीच्या वरच्या लाकडाएवढी वाळू होती.

पुढे जायला तिला कुणी अडवलं नव्हतं. गावात बघणारंही कुणी नव्हतं. पण पाय पुढे टाकवेना. वाऱ्यानं गाठण्याची भीती होती म्हणून, की गुलंदामचा आजचा चेहरा पाहायचा होता म्हणून, हे तिला धड ठरवता आलं नाही. तिनं गाठोडं भिंतीच्या आडोशाला ठेवलं, परत जाऊन फावडं आणलं आणि खणू लागली. अजून वेळ होता.

पहिली दहा फावडी सोपी गेली. मग छातीत ते सुरू झालं, जुन्या होडीच्या फळ्या कुरकुरतात तसं. वाळू उपसावी तेवढी वरून येत होती. "मेलीचं फावडं बाहेरच असणार," ती पुटपुटली, आणि शिवी घालायला तोंड उघडलं तर फडक्याच्या कडेनं वाळू आत गेली. खोकल्यानं ती दुमडली. पुन्हा उठली. दाराची वरची फळी लागली, मग कडी, मग मधला आडवा दांडा. शाळेच्या बाजूनं भोंगा ऐकू आला. एकदाच. तो आल्याचा होता.

तिनं दार ठोठावलं. ते लगेच आत उघडलं, जणू कुणी कडीवर हात ठेवूनच उभं होतं.

गुलंदाम उभी होती. चादर अंगभर गुंडाळलेली, तोंडाला फडका बांधलेला, डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट आणि बुटांच्या नाड्या घट्ट आवळलेल्या. तिच्या मागे दाराशेजारी भिंतीला फावडं टेकवून ठेवलं होतं.

जरबीबीनं ते पाहिलं. बोलायला तिला दोन श्वास लागले.

"फावडं आत आहे तुझं."

"आत आहे."

"मग उकरलं का नाहीस?"

"सवय नाही राहिली, बीबी. तूच मोडलीस."

जरबीबीला हसू आलं की रडू, ते खोकल्यात कळलं नाही. ती उंबऱ्यावरच खाली बसली. गुलंदामनं तिला काखेत हात घालून आत घेतलं, भिंतीला टेकवलं, पाण्याचा पेला तोंडाला लावला, पाठ चोळली. तीस वर्षांत इतक्या हळुवारपणे तिनं जरबीबीला हात लावला नव्हता. पाणी गार होतं. ते पिताना जरबीबीला वाटलं, आपण काल तसं बोलायला नको होतं. तसं म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"बोलू नकोस," गुलंदाम म्हणाली. "अशी धावलीस तर वाटेतच पडशील. घटकाभर बस. मी पुढे जाऊन करीमदादला थांबवते. तुझं गाठोडंही नेऊन ठेवते गाडीत, म्हणजे त्याला निघता यायचं नाही. तू ये हळूहळू भिंत धरून."

जरबीबीनं मान डोलवली. गुलंदाम बाहेर गेली, गाठोडं पाठीवर टाकलं आणि त्या पिवळ्या धुरळ्यात चार पावलांत नाहीशी झाली.

जरबीबीनं श्वास मोजले. वीस झाल्यावर उठायचं असं ठरवलं होतं. अकराव्याला तिला त्या आवळलेल्या नाड्या आठवल्या. गुलंदाम घरात असताना कधी बूट घालत नसे, आणि दार उकरल्यावरही आधी उंबरा झाडल्याशिवाय पाय बाहेर टाकत नसे. जरबीबी उठली. भिंत धरली. ओळीतली नऊ रिकामी घरं तिनं हातानं ओलांडली. कुठे चौकट लागली, कुठे नुसतं भोक. सातव्या घरापाशी भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा.

"करीमदाद," ती ओरडली. ओरडली असं तिला वाटलं. फडक्यातून निघालेला आवाज तिच्याच कानापर्यंत पोचला नाही.

शाळेपाशी ती पोचली तेव्हा तिथे डिझेलचा वास होता, आणि चाकांच्या दोन खाचा, त्याही बुजत चाललेल्या. करीमदादला काय माहीत. चादर, फडका, चष्मा, पाठीवर गाठोडं. वाऱ्यात सगळ्या बायका एकच बाई असतात. 'इदूची माणसं ना?' असं त्यानं विचारलं असेल आणि हो असं उत्तर मिळालं असेल. ते खोटंही नव्हतं.

फोन चौथ्या दिवशी लागला. मधले तीन दिवस जरबीबीनं वाक्यं जुळवली होती. चोर, नागीण, वांझोटी, एकेक शब्द तिनं जिभेवर घासून धार लावून ठेवला होता. मेलेल्याच्या कफनावरही हात मारील, असंही एक होतं; ते भरल्या घरात बोलायचं नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं.

"आई," इदू म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आलेला होता. "काकीनं सगळं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तू दार उकरून तिला बाहेर काढलंस, गाठोडं तिच्या पाठीवर दिलंस आणि म्हणालीस, आधी तू जा, तुला कुणी नाही. आई, इथे आपल्या गावची सगळी माणसं भेटायला आली होती. म्हातारा मिर्झाबेग रडला. म्हणाला, अशी जाऊ आमच्या पिढीत झाली नाही."

जरबीबी फोन कानाला लावून उभी राहिली. मागे सुनेचा आवाज होता, भांडी होती, आणि कुठेतरी पाणी वाहत होतं, नळाचं असेल. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मग इदूनं काय केलं असतं, हे ती बघत राहिली. काकीला हाकललं असतं? नसतंच. पहिलं पाऊल तिच्या उंबऱ्यावर टाकलेला मुलगा तो. आणि मिर्झाबेगचं रडणं तेवढं परत घ्यावं लागलं असतं.

"मीच म्हटलं जा म्हणून," ती म्हणाली.

"तू आहेसच तशी. वारा पडला की पहिल्या गाडीनं ये. तोवर सांभाळ. खोकला?"

"बरा आहे."

मग फोन दुसऱ्या हातात गेला. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला, स्वच्छ, न अडखळणारा.

"बीबी," गुलंदाम म्हणाली. "तुझी गोधडी मी पांघरते. तू येशील तेव्हा धुऊन ठेवीन."

"धुऊ नकोस."

"का?"

"आपल्याकडची वाळू आहे तिच्यात. ती गेली तर झोप यायची नाही तुला."

मग सून हाक मारताना ऐकू आली, जेवायला बसा काकी म्हणून, आणि फोन बंद झाला.

जरबीबीनं इतका वेळ दाबून धरलेला खोकला सोडला. तो पुष्कळ वेळ चालला. शेवटी तिनं तोंड पुसून फडका पाहिला आणि आतली बाजू बाहेर करून पुन्हा बांधला. ऊन अजून होतं, म्हणजे धुरळ्यामागे कुठेतरी पिवळं काही लोंबकळत होतं. शेजारचं दार पुन्हा कडीपर्यंत भरलं होतं. ते उकरायचं आता कारण नव्हतं, तरी ती थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.