वाजला की आधी किल्ली

खाणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे युनिक्सचं मशीन आलं आणि कोणालाच येत नसलेली सी भाषा मी पुस्तकातून शिकले, हट्टाने. साहेबांनी काम दिलं: पंपघराला दर मिनिटाला विचारायचं, खाणीत पाणी किती चढलं. पंपघराकडे जाणारी तार निघाली तर प्रोग्राम उत्तराची वाट बघत मुका बसून राहायचा. म्हणून मी तीस सेकंदांचा अलार्म लावला. तोवर उत्तर आलं नाही तर मशीन सिग्नल देईल, माझं एक फंक्शन चालेल आणि पडद्यावर इशारा येईल.

पहिल्यांदा आला. दुसऱ्यांदा पडद्यावर नुसतं ‘अलार्म क्लॉक’ उमटलं आणि प्रोग्राम मेला. कितीदा चालवा, तेच! असा संताप आला म्हणून सांगू!

“सोमवारी मी स्वतः तार काढून बघतो,” साहेब म्हणाले. “बंद पडलं, तर हे काम नागपूरच्या माणसाला. तुम्ही आपला टाइपरायटर सांभाळा.”

सांभाळते! बघतेच मी, मनात म्हटलं.

रविवारी करडीला, आमच्या गावी गेले. धानाला तलावाचं पाणी पाळीने मिळायचं आणि पाळीबरोबर गजराचं एकच घड्याळ या बांधीतून त्या बांधीत, एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरायचं. दुपारी आमची पाळी संपल्याचा गजर झाला. तो वाजून थांबल्यावर मी गजराचा काटा पुढे सरकवला आणि घड्याळ शेजारच्या काकूंच्या हातात दिलं.

“अवं, किल्ली?” आई बांधावरून ओरडली. “वाजला का पहिले गजराले किल्ली दे, मंग बाकीचं! एक डाव वाजला का सरते ते. काकूची पाळी अशीच जाईन ना! अन् म्हणे कम्प्युटर शिकून राहिली!”

काकू हसल्या. मी चिखलात तशीच उभी. माझ्या फंक्शनचंही हेच होत होतं. एकदा सिग्नल आला की मशीन माझं फंक्शन विसरायचं आणि दुसरा सिग्नल थेट प्रोग्रामचा जीव घ्यायचा.

सोमवारी पहिल्या एसटीने ऑफिस गाठलं. फंक्शनची पहिलीच ओळ लिहिली: पुढचा सिग्नलही यालाच द्यायचा. साहेबांनी तार काढली. इशारा आला. पुन्हा आला. सातव्यांदाही आला.

“किती वेळ चालेल हे?”

“तुम्ही दमेपर्यंत.”

त्यांनी तार जोडली आणि टायपिंगला दुसरं माणूस बघायला सांगितलं. मी आईला कार्ड टाकलं: किल्ली दिली. काम माझ्याकडेच आहे.