मनातल्याचे मुद्दे

आमच्या स्टाफरूममध्ये वह्यांचा गठ्ठा निदान मार्चमध्ये तरी खाली जातो. किस्से मात्र साचतच राहतात. कोणी रिटायर झालं की त्याचे किस्से मागे उरतात आणि आम्ही ते डब्यासोबत वाटून खातो.

मी नागपुरातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला मराठी शिकवते. पुढच्या मे महिन्यात मीही रिटायर होईन. म्हणजे यंदाचं लेखनाचं वार्षिक नियोजन माझं शेवटचं. कोणत्या महिन्यात पत्र, कधी बातमी, कधी कथा, कधी निबंध, हे सगळं जूनमध्येच लिहून द्यावं लागतं. यंदा त्यात मला एकच गोष्ट हवी आहे: जुलैपासून आठवड्याला एक तास, ज्यात मुलं स्वतःचं काहीतरी लिहितील आणि मी ते गुण न देता वाचेन. मुख्याध्यापक तयार नाहीत. त्यांना दाखवायला काही सापडतं का, म्हणून जुन्या वह्या काढून बसले, तर सापडले ते माझेच पराक्रम.

* * *

नियोजन लिहायची आमची एक पद्धत आहे. मागच्या वर्षीची वही उघडायची, साल बदलायचं आणि बाकी जसंच्या तसं उतरवायचं. वाचायचं नाही. वाचलं तर वेळ लागतो.

एकदा तपासणीला साहेब आले. माझी वही चाळता चाळता थांबले आणि ठाकरे मॅडम कोण, असं विचारलं. मी उभी राहिले. साहेब एकदा वहीकडे पाहत, एकदा माझ्याकडे. वहीत लिहिलं होतं, "जुलै, तिसरा आठवडा: ठाकरे मॅडम प्रसूती रजेवर, पत्रलेखन गजभिये सर घेतील." मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली! साहेबांनी मागच्या वर्षांच्या वह्या मागवल्या. प्रत्येक जुलैत मी प्रसूती रजेवर होते.

गजभिये सर म्हणजे शेजारच्या तुकडीला मराठी शिकवणारे माझे जुने सहकारी. ते हात जोडून पुढे झाले.

"साहेब, पोरगं चौथीत गेलं जी. कागदावर मात्र अजून जन्मालेच येऊन राहिलं."

साहेब हसले आणि सही करून गेले. मीही तेव्हा पोट धरून हसले. आपण इतकी वर्षं आपल्याच हातानं लिहिलेलं वाचत नव्हतो, हे काही तेव्हा मनाला लागलं नाही.

* * *

ऑगस्टमध्ये बातमीलेखन असतं. विषय ठरलेला, "शाळेत वृक्षारोपण उत्साहात संपन्न." कार्यक्रम त्यानंतर पंधरवड्यानं असतो, पण तुकडीचा तास आधी येतो, म्हणून मुलं बातमी आधी लिहितात. एका वर्षी गजभिये सरांच्या वर्गातल्या एका मुलीची बातमी इतकी झकास उतरली, की सरांनी ती कौतुकानं एका स्थानिक पेपरला पाठवून दिली. प्रमुख पाहुणे, मान्यवर, उपस्थितांचे आभार, सगळं होतं तिच्यात.

ती छापून आली. आणि कार्यक्रम झालाच नव्हता. पाहुण्यांनी ऐन वेळी नकार कळवला होता.

सकाळी एक पालक पेपर घेऊन शाळेत हजर. झाडं कुठे लावली ते दाखवा म्हणाले. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजत बसवून ठेवलं. तेवढ्यात गजभिये सर स्कूटरवर धरमपेठेतल्या एका नर्सरीतून बारा रोपं घेऊन आले आणि शिपायानं मागच्या भिंतीपाशी खड्डे खणले. पालक समाधानानं गेले. सरांना आम्ही नंतर वर्षभर चिडवलं, पण त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"खोटं नाही बोललो जी मी. थोडी घाई केली."

बारातली पाच झाडं जगली. त्यातल्या एका कडुनिंबाखाली आता मुलं डबा खातात. शाळेत आम्ही लिहून घेतलेलं एवढं एकच लेखन खरं झालं असेल, आणि तेही सरांच्या वर्गातलं!

* * *

आता हसू न येणारा किस्सा.

निबंध आम्ही सांगून लिहून घेतो. म्हणजे मी पुस्तकातला चांगला निबंध सावकाश वाचते, मुलं उतरवतात, पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. "मी पाहिलेला सूर्योदय" हा माझा हुकमी निबंध. त्यात समुद्र आहे, लाटा आहेत, क्षितिजावरचा सोनेरी गोळा आहे. माझ्या वर्गात समुद्र पाहिलेलं एखादंच लेकरू असेल. पण सहामाहीत सगळ्या पेपरांत लाटा उसळायच्या आणि मी त्यांना सातपैकी सहा द्यायची.

एका वर्षी अतुल नावाचा मुलगा होता. पारशिवनीकडच्या खेड्यातला, इथे मामाकडे राहून शिकायचा. त्याच्या पेपरात समुद्र नव्हता. त्यानं लिहिलं होतं, की सूर्य निघाला की बाबा जागलीवरून घरी येतात. जंगल जवळ आहे, रात्री डुकरं पिकात घुसतात, म्हणून जागावं लागतं. बाबा आले की मी उठतो आणि ते झोपतात, कारण आमच्याकडे खाट एकच आहे. त्यांनी डोळ्यांवर शेला घेतला की सूर्योदय संपतो.

मी त्याला दोन गुण दिले. बाजूला लाल शाईनं लिहिलं, "विषयांतर. पाठ केलेला निबंध लिहावा."

वार्षिक परीक्षेत अतुलनं समुद्र लिहिला. सहा गुण पडले. त्या वेळी मला वाटलं, पोरगं सुधारलं. आज तो पेपर कुठून मिळाला तर मी काय वाटेल ते देईन, पण पेपर तर दरवर्षी रद्दीत जातात. पोरानं सूर्योदय पाहिला होता, आणि मी त्याला तो विसरायला लावला.

* * *

स्वतःचं लिहिण्याचा तास जुन्या नियोजनात नव्हताच असं नाही. होता, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, "मुक्तलेखन" या नावानं. दरवर्षी तिथे सराव परीक्षा नाहीतर निरोप समारंभ यायचा आणि तास वाहून जायचा. माझ्या साऱ्या नोकरीत तो एकदाच हाती लागला.

मी मोठ्या हौसेनं वर्गात गेले. आज मनातलं काहीही लिहा म्हणाले, कशाचीही भीती बाळगू नका. मुलांनी वह्या उघडल्या, समास आखले आणि ती माझ्याकडे पाहत बसली. मग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं हात वर केला.

"मॅडम, मुद्दे द्या नं."

मी विचारलं, कशाचे मुद्दे?

"मनातल्याचे."

स्टाफरूममध्ये हा किस्सा फार चालला. "मनातल्याचे मुद्दे द्या नं" हा आमच्यात वाक्प्रचारच झाला. कोणी गप्प बसलं की दुसरा तेच म्हणतो. पण पुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी फळ्याकडे वळले आणि मुद्दे लिहून दिले. प्रस्तावना, आवडता प्रसंग, त्यातून मिळालेला बोध, समारोप. वर्गानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मीही टाकला.

* * *

तर परवा हे मुक्तलेखन जुलैपासून दर आठवड्याला ठेवा म्हणून मी मुख्याध्यापकांकडे गेले. माणूस वाईट नाही. पटसंख्या घसरून राहिली, मागच्या वर्षी एक तुकडी बंद झाली, निकाल पडला तर दुसरीही जाईल, याची त्यांना काळजी आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं,

"मॅडम, बोर्डात मनाले किती मार्क आहेत?"

मी वही मिटली आणि नमस्कार करून उठले. गजभिये सर सोबत होते. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, की त्या नववीतल्या प्रणालीचं सांगायचं होतं नं तुम्ही. मी म्हटलं, सर, ते मला जमत नाही. तोंडानं जमत नाही म्हणून लिहून काढते आहे. नियोजनासोबत हे जोडूनच देईन.

* * *

आठ वर्षांपूर्वी मी नववीची वर्गशिक्षिका होते. दिवाळीआधी पत्रलेखन घेतलं. बोर्डाचा नियम असा, की उत्तरपत्रिकेत मुलांची ओळख दिसू द्यायची नाही, म्हणून पत्राखाली स्वतःचं नाव न लिहिता अ. ब. क. लिहायचं. हे मी मुलांकडून इतकं घोटून घेतलं होतं, की झोपेत उठवलं तरी ती अ. ब. क. लिहितील. त्या वेळी विषय मात्र मुलांवर सोडला होता.

एक पत्र सगळ्यांत उजवं निघालं. प्रति, वर्गशिक्षिका. विषय, वडिलांना समजावून सांगण्याबाबत. मजकूर असा, की आईला हिंगण्याच्या कंपनीत काम लागलं आहे, धाकटा भाऊ तान्हा आहे, त्याला सांभाळायला कोणी नाही, म्हणून दिवाळीनंतर मला शाळेतून काढणार आहेत. तरी आपण माझ्या वडिलांना शाळेत बोलावून एकदा बोलावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, अ. ब. क.

मला केवढा आनंद झाला. मुलीनं कल्पना लढवली, असं वाटलं. पाचपैकी साडेचार दिले. दिनांक टाकायचा राहिला होता, त्याचा अर्धा कापला. आणि नमुना म्हणून ते पत्र मी वर्गात सावकाश वाचून सगळ्यांना उतरवून घ्यायला लावलं. पत्र लिहिणारी प्रणाली तिसऱ्या बाकावर होती. तीही खाली मान घालून उतरवत होती.

दिवाळीनंतर ती आली नाही. मामाच्या गावी राहिली असेल, असं मी धरून चालले. मग वह्या तपासायला आल्या. पहिल्या वहीत ते पत्र, दुसऱ्या वहीत ते पत्र. पाचव्या की सहाव्या वहीला माझा हात थांबला. हजेरीपट काढून पाहिला, तर दिवाळीनंतर प्रणालीच्या नावापुढे एकही हजेरी नव्हती.

त्याच दुपारी मी आणि गजभिये सर तिच्या पत्त्यावर गेलो. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. ते लोक हिंगण्याकडे राहायला गेले, यापलीकडे कोणालाच काही माहीत नव्हतं. मी दोन-तीन रविवार तिकडे फिरले. मग सराव परीक्षा आल्या, आणि मी जायचं सोडलं. हे मी सोडलं, दुसऱ्या कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यात मी हिंगणा रोडवर ऑटोची वाट पाहत उभी होते. कंपनीच्या बससाठी थांबलेल्या मुलींतली एक पुढे आली आणि पाया पडली. गळ्यात कंपनीचं कार्ड. नाव वाचायची गरज पडली नाही. ती भरभरून बोलली. भाऊ तिसरीत आहे, अभ्यासात बरा आहे, ती स्वतः आता पॅकिंगला आहे, आईचे गुडघे दुखतात. मला माफी मागायची होती. तेवढ्यात बस आली.

मुली चढल्या. प्रणालीनं पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि वळून विचारलं,

"मॅडम, त्या पत्रातला अर्धा मार्क काहून कापला होता जी?"