साक्षीदाराच्या जागी माझी सही

मॅडमचं आधी सांगते, मग बाकीचं. बाकीचं सांगताना मी घाबरते, आणि घाबरले की मुद्दा सोडून भलतीकडेच जाते.

आमच्या विद्यापीठात संशोधनाचे करार आणि परवानग्या पाहणारं एक छोटं ऑफिस आहे. तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून. मॅडम तिथे बसतात. कुठल्या लॅबने कुणाशी करार केला, त्यात काय कबूल केलं, कुठल्या कामाला कोणत्या समितीची परवानगी लागते, ती मिळाली की नाही, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. लॅबमधले लोक त्यांच्यामागे त्यांना ‘ब्रेक’ म्हणतात. मीही हसायचे त्या नावाला. आज माझी नोकरी आहे, माहेरी माझी मान ताठ आहे, ते त्यांच्यामुळे.

मी नववी अर्धवट सोडलेली. माहेर नांदुऱ्याच्या पुढे, जीपने पाऊण तास. लग्नानंतर नवऱ्याच्या कामामागे इतक्या लांब आले आणि या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागले. हळूहळू फ्रीझरचं तापमान वहीत लिहायला शिकले, नळ्यांवर लेबलं लावायला शिकले. लेबल जरा तिरकं बसलं तरी काढून दुसरं लावते. मनात सारखं असतं, आता कुणीतरी येईल आणि विचारेल, ही बाई इथे काय करते?

तर आमच्या लॅबच्या मुख्य सरांना असं गाव हवं होतं जिथल्या बायका वर्षानुवर्षं खारं पाणी पितात. त्यांचं रक्त आणि लघवी तपासून त्या पाण्याचा मूत्रपिंडावर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. मी फरशी पुसता पुसता बोलून गेले, “सर, आमच्या गावच्या बोअरचं पाणी इतकं खारं आहे की पाहुण्याच्या चहात दूध फाटतं.” सरांनी पेन खाली ठेवलं. महिन्याभरात गाव ठरलं, आणि गावात ओळख करून द्यायला सोबत मीही ठरले. कामाच्या गाडीतून माहेरी गेले! आई दारात उभी राहून गाडीवरचं विद्यापीठाचं नाव अक्षर अक्षर लावत होती.

शाळेच्या एका खोलीत शिबिर होतं. रक्त घेण्याआधी प्रत्येक बाईला संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि तिची सही घ्यायची. चार पानांचा कागद, मराठीतच, पण पहिल्याच ओळीत “सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याची मुभा राहील.” बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग मी कागद हातात घेतला.

“म्हंजे कसं, तुमाले नाई जमलं तर मदातच नाई म्हनता येते. कोनी रागवनार नाई.”

“तू असल्यावर कायचं नाई म्हनतो वं आमी?” मोठी माय म्हणाली. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. मला अंगाखांद्यावर खेळवलेली. ती रांगेत सगळ्यांत पुढे होती आणि शाई लावायच्या आधीच अंगठा वर करून उभी. “कुठी लावू, सांग लवकर. चुलीवर दाय ठेवून आली मी.”

एकोणचाळीस बायका आल्या. सोळा जणींनी सही केली. तेवीस जणींना वाचता येत नव्हतं, त्यांनी अंगठा दिला. अंगठ्याच्या खाली एक जागा होती: साक्षीदाराची सही. मी जराही विचार केला नाही. आमच्याकडे सोयरीक ठरो की शेत बटईने जावो, कागदावर आपल्या बाजूने आपलंच माणूस उभं राहतं. परका साक्षीदार कोण ठेवतो? म्हणून तेवीस कागदांवर तेवीस वेळा मी माझी सही केली. माझी सही कुणी मागत नाही एरवी. शेवटच्या शेवटच्या तर मी जरा वळणदार केल्या.

परत आल्यावर नळ्या फ्रीझरमध्ये गेल्या आणि कागद तिसऱ्या मजल्यावर. दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. टेबलावर तेवीस कागद वेगळे काढलेले.

“ही सही कुणाची?”

“माझी.”

“तुम्ही आमच्या टीमच्या ना?”

“हो.” मला वाटलं, शाबासकी देतात की काय.

त्यांनी नियम समजावून सांगितला. ज्या व्यक्तीला वाचता येत नाही, तिच्या संमतीला साक्षीदार हवा तो बाहेरचा. संशोधन करणाऱ्यांपैकी नको, त्यांचा नातेवाईक नको, ज्याला त्यातून काही मिळणार आहे असा नको. मी या तिन्हींत बसत होते. म्हणजे ते तेवीस होकार कागदोपत्री होकारच नव्हते. त्या नळ्या उघडता येणार नव्हत्या, आणि ज्या संस्थेने या कामासाठी करार केला होता, तिची मुदत दीड महिन्यावर आली होती. तोवर हे सुटलं नाही तर गावचा भाग कामातून वगळला जाणार. माझी नेमणूक त्याच कामावर, तेवढ्याच मुदतीची. शिवाय तेवीस बायकांनी माझ्या तोंडाकडे पाहून दिलेलं रक्त कचऱ्यात. त्यांना मी काय सांगणार होते?

त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी टीममधल्या एकाने उपाय काढला. तो माणूस वाईट नाही, त्यालाही मुदतीची भीती होती. म्हणाला, “एवढं काय घेऊन बसलीस? शेवटचं पान नवं छापून देतो. गावात जाऊन अंगठे घे, कुणाची तरी सही आण आणि शिबिराची तारीख टाक. कोण बघतंय?”

तेवीस कोरी पानं माझ्या हातात. आणि मी काय केलं ते सांगायला अजून कसंनुसं होतं. मी ती पानं घेऊन मॅडमकडेच गेले आणि विचारलं, “मॅडम, मागची तारीख आकड्यात टाकायची की अक्षरात?”

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला रडू फुटलं.

“अहो, बसा. पाणी प्या आधी,” त्या म्हणाल्या. “माझ्या इतक्या वर्षांत हे मला येऊन विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकीचे टाकून मोकळे होतात.”

“म्हणजे टाकायची नाही?”

“नाही. जे झालं ते लिहायचं. तुम्ही लिहायचं.”

“मले नाई येत मॅडम तसं लिहिता.” घाबरले की माझं वऱ्हाडी बाहेर येतं.

“मले-तुलेमध्ये लिहा. समितीत मराठी सगळ्यांना कळतं.”

मी लिहिलं. पहिल्या कागदात सहा वेळा ‘माफ करा’ होतं. मॅडमनी पाच खोडले. म्हणाल्या, “माफी एकदा पुरते. काय झालं ते अजून आलंच नाही यात.” तिसऱ्या वेळी जमलं. मग त्या मला घेऊन सरांकडे गेल्या. सरांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. खालून त्यांनीही सही केली, कारण शेवटी जबाबदारी त्यांचीच होती. ती कोरी पानं कशासाठी छापली हे मॅडमनी त्या माणसाला एका वाक्यात विचारलं, आणि तो त्या आठवड्यात माझ्याशी फार नरमाईने बोलला.

विद्यापीठाची नीतिविषयक समिती असते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतात, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक साधा माणूसही असतो. समितीने नळ्या बंदच ठेवायला सांगितल्या आणि एक संधी दिली. गावात परत जा, त्या तेवीस जणींना नव्याने विचारा, बाहेरचा साक्षीदार ठेवा. आणि एक अट: विचारताना मी खोलीत नको.

ती अट माझ्या मनाला लागली. माझंच गाव आणि मीच बाहेर?

साक्षीदार म्हणून आपा तयार झाली. आपा आमच्या गावात शिलाई करते, अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्या मशीनवर. उर्दू वाचते, मराठी वाचते, कुणाची नातेवाईक नाही आणि कुणाला भीत नाही. वाचून दाखवायला टीममधली एक डॉक्टर आली होती. मी शाळेच्या पायरीवर बसले, पाठ दाराकडे. पण कान तर होते.

आपाने सुरुवातीलाच अडवलं. “रुको बाई. ये ‘उरलेला नमुना’ म्हंजे काय? किसको देनेवाले?”

“कुणालाही नाही. काम संपलं की नष्ट.”

“लिखा है ना? दाखवा किधर लिखा है.” कागद फडफडला. “हां. ठीक है. सुनो गे, उरलेलं रगत फेकून देनार, कोनाले देनार नाई. अब बोलो, हो का नाई?”

“अन् मंग आमच्या पान्याचं काय होईन?” एकीने विचारलं.

“ते हे लोक नाही करनार,” आपा म्हणाली. “ये सिर्फ बताएंगे खराब है का नहीं. नळासाठी तुले पंचायतीतच भांडा लागनार.”

बायका हसल्या. एकेक होकार येत गेला आणि मी बोटांवर मोजत गेले. मग मोठ्या मायचा आवाज आला.

“नाई म्हनलं तं पोरीची नौकरी जाईन का?”

आपाने पान उलटून पाहिलं असावं. “कागदावर तसं काई लिहेल नाई.”

“मंग माहं नाई.”

सगळ्यांत जवळचं माणूस, आणि तिचाच नकार. मोठी माय बाहेर आली, माझ्याशेजारी पायरीवर टेकली, पदराने तोंड पुसलं.

“रागावली का वं?”

“नाई. पन काऊन वं मोठी माय? तवा तं सर्व्यात पुढं होती तू.”

“तवा तू समोर होती. तुह्या तोंडावर नाई कसं म्हनू?” ती म्हणाली. “मले सुईचं लय भेव वाटते. अन् माहं रगत परक्या गावी फ्रीजात कायले ठेवाचं बाप्पा? रात्री आठवते मले ते.”

शिबिराच्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, नाही म्हणता येतं, कोणी रागावणार नाही. ते तिला ऐकू आलं होतं, पण सांगणारी मी होते. मॅडमनी सांगितलेला नियम मला त्या पायरीवर कळला.

मग समितीपुढे मला बोलावलं. लांब टेबल, सात-आठ माणसं. मॅडम कोपऱ्यात, फाईल मांडीवर घेऊन.

वकीलबाईंनी विचारलं, “सगळ्या हो म्हणाल्या?”

खोटं सांगायची सोयच नव्हती, पण मनात आलं होतं, हा एक नकार आता सगळ्यावर पाणी ओतणार. “नाही,” मी म्हणाले. “बावीस हो म्हणाल्या. एक नाही म्हणाली. ती माझी मोठी माय.”

“का नाही म्हणाली?”

मी सांगितलं. सुईचं, फ्रीजचं, आणि ‘तुह्या तोंडावर’ हेही. तिच्याच शब्दांत सांगितलं, मधे प्रमाण मराठी आणायचं विसरूनच गेले. समितीतले ते साधे गृहस्थ, ज्यांचा विज्ञानाशी संबंध नाही, ते पुढे वाकून ऐकत होते.

“तुम्ही खोलीत नसताना तुमच्या घरचीच बाई नाही म्हणू शकली,” ते म्हणाले, “मग उरलेल्या बावीस जणींचा होकार मी खरा धरतो.”

अध्यक्षांनी मान हलवली. कागदावर काहीतरी लिहिलं. बावीस नळ्या उघडायची परवानगी मिळाली, मुदतीच्या नऊ दिवस आधी. बाहेर आल्यावर मॅडमनी माझा हात धरला आणि दाबला. इतकंच. पण सर जिन्यात दोन-दोन पायऱ्या उतरत होते, शाळेतल्या पोरासारखे.

मोठ्या मायची नळी मी नियमाप्रमाणे स्वतः निकामी केली आणि वहीत नोंद केली. तिला फोन करून सांगितलं, “झालं वं, नाई आता ते.” ती म्हणाली, “झोपीन आज.”

बाकीच्या बावीस आणि सोळा जणींचं काम वेळेत झालं. माझी नेमणूक वाढली. आणि आता आमच्या विभागातली कुठलीही टीम गावात जायची असली की संमतीपत्र आधी माझ्याकडे येतं. मी ते मोठ्याने वाचते. जिथे माझी जीभ अडते, तिथे मॅडम पेन्सिलीने रेघ ओढतात, आणि शिकलेली माणसं ते वाक्य परत लिहितात. नववी अर्धवट सोडलेल्या बाईसाठी! अजूनही मनात येतं, कुणीतरी येईल आणि विचारेल. पण आता उत्तर आहे माझ्याकडे.

मॅडम, तुम्ही हे वाचाल तेव्हा म्हणाल, ‘आभार एकदा पुरतात.’ म्हणून एकदाच मानते. पण फेडणं राहिलंच आहे. इतकी वर्षं तुम्ही तिसऱ्या मजल्यावर बसून ज्यांच्यासाठी फाईली अडवता, त्या बायकांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही. एक दिवस मी तुमाले नांदुऱ्याच्या गाडीत बसवणार, खिडकीची जागा देणार, आणि माझ्या गावात आपाच्या ओसरीवर त्या सगळ्यांच्या मधे नेऊन बसवणार. कधी ते आत्ता सांगता येत नाही, पण नेणार हे नक्की.