कुसुमबाईंचा बर्फाचा डोंगर

कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगातून चुलीसाठी एक काडी ओढा, सोबत दहा निघतात अन् हात ओरबाडतो तो वेगळाच. आमच्या शाळेतल्या बायांच्या सहलीचे किस्से तसेच आहेत. एक सांगायला बसावं तर दुसरा पदर ओढतो. मग म्हटलं, सगळा ढीगच एकदा अंगणात आणून टाकावा.

यवतमाळात मुलींची शाळा. मी तिथली चपराशीण. शिक्षण चौथी पास, पण घंटा माझ्या हातात! मी टोल दिल्याशिवाय हेडमास्तरणीचीही शाळा सुटत नव्हती. हेडमास्तरीण म्हणजे मोठ्या बाई, नागपूरच्या, पातळाला इस्त्री अन् बोलण्यालाही इस्त्री. शिवण शिकवायची निर्मला, वयानं लहान, नटायची भारी हौस. मराठीच्या लीलाबाई, त्यांच्या घरी सासू. अन् भूगोलाच्या कुसुमबाई, एकट्या राहायच्या, पेन्शनीला आठ-नऊ वर्षं उरलेली. मला धरून पाच जणी. दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची. इकडं घट बसले की तिकडं आमची चर्चा बसायची, यंदा कुठं जायचं?

आता ही चर्चा सुरू कशी झाली ते ऐका.

सहावीच्या वर्गात कुसुमबाई हिमालय शिकवत होत्या. एका पोरीनं विचारलं, "बाई, बर्फ कसा दिसते वो?"

कुसुमबाईंनी जन्मात डोंगर पाहिलेला नाही. देवाला जायचं म्हटलं तरी आमचा कळंबचा चिंतामणी, तिथं तर पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या! पण पोरीनं विचारलं तर सांगावं तर लागेल. त्या म्हणाल्या, "बाजारात गोळेवाल्याजवळ नाही का, भुशात ठेवलेला असते? तसाच."

सहामाही परीक्षेत प्रश्न आला, हिमालयाचं वर्णन करा. पोरीनं लिहिलं, 'हिमालयावर बारा महिने बर्फ असतो. तो वितळू नये म्हणून भुशात ठेवतात.'

सगळ्या बाया पोट धरून हसल्या. कुसुमबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या पोरीला पाचपैकी पाच मार्क दिले. मी विचारलं, "काहून वो बाई? चूक हाय ना थे!"

"चूक तिची नाही मावशी, माही हाय. मले एकदा बर्फाचा डोंगर पाह्यचा हाय. पेन्शनीच्या आधी. नंतर पाहून कोणाले सांगू?"

* * *

पहिल्या साली मोठ्या बाईंनी पचमढी काढली. "हिमालय फार लांब. पचमढी आपल्याच राज्यात आहे, परवानगीची भानगड नाही." तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. कुसुमबाई म्हणाल्या, "तिथं बर्फ नाही, पण डोंगर तं हाय. सुरुवात तं होईल."

मग कोणत्या दिवशी निघायचं, सोबत कोण पुरुष घ्यायचा, पुरुष घ्यायचा की नाहीच, लाडू किती दिवसांचे करायचे, यावर महिना गेला. अन् ऐन दिवाळीच्या तोंडावर आपला जिल्हा उचलून मुंबई राज्यात टाकला!

मोठ्या बाई हेडमास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "आता पचमढी परराज्यात. वरिष्ठांची लेखी परवानगी लागेल." अर्ज केला. परवानगी आली, नाही असं नाही. होळीला आली!

पुढं चार वर्षांनी आपण महाराष्ट्रात आलो. कुसुमबाई वर्गातला नकाशा पुन्हा बदलत होत्या. मी खालून स्टूल धरलं होतं. म्हटलं, "पाहा बाई, आपण पाच जणी फाटकाच्या बाहेर गेलो नाही, पण जिल्हा दोन राज्यं फिरून आला!"

* * *

मग मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. "ज्या ठिकाणाला जास्त मतं, तिथं जायचं. कुरकुर नको."

पाच चिठ्ठ्या उघडल्या. मोठ्या बाईंची महाबळेश्वर. निर्मलेची काश्मीर, कारण तिला शाल पाहिजे होती. लीलाबाईंची माहूरगड, कारण देवीच्या नावावर सासू सोडेल. कुसुमबाईंची हिमालय, खाली दोन रेघा मारलेल्या. पाचवी माझी. मी लिहिलं होतं, 'जिथं भांडे घासा लागत नाही तिथं.'

कुसुमबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "मावशी, हे नकाशात नाही."

* * *

लीलाबाईंच्या सासूला मनवायला एका साली कुसुमबाई स्वतः गेल्या. सोबत मी. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. आम्हाला पाट दिला, पाणी दिलं, अन् डोळे बारीक केले.

कुसुमबाई म्हणाल्या, "आत्याबाई, हिमालयात पावलापावलावर देव हाय. शंकराचं ठाणंच हाय तिथं."

"शंकर आपल्या गल्लीतबी हाय."

"पण तिथं तो बर्फात बसला हाय."

"मंग? माही सून कायले जाऊन राह्यली? त्याले शेक द्यायले?"

मला हसू आवरेना. कुसुमबाई मात्र हटल्या नाहीत. तासभर त्यांनी गंगा, यमुना, ऋषी, मुनी, सगळे म्हातारीच्या सुपात ओतले. इतकं गोड सांगितलं की म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेंगा बाजूला सारून म्हणाली, "एवढं पुण्य हाय म्हनता? जाय वं लीले, जाय!"

लीलाबाई आतून पळत आल्या, आमच्या पाया पडायच्याच बाकी होत्या.

"जाय," म्हातारी पुढं म्हणाली. "मीबी येतो. अन् बाभुळगाववाल्या दोघी नणंदा, थ्यायच्या जावा, अन् आपला भजनाचा पेटीवाला!"

दुसऱ्या दिवशी शाळेत लीलाबाई आल्या त्या माझ्याजवळच. "मावशी, घरी निरोप द्या. म्हणा, सहल रद्द झाली. हिमालय बंद हाय म्हणा!"

* * *

एका साली मात्र निघालो. कुठं, तर चिखलदऱ्याला. तडजोड म्हणून. मोठ्या बाई म्हणाल्या, "आधी जवळचा डोंगर चढून पाहू. झेपला तर मग लांबचा." कुसुमबाईंनी वाटेतली एकेक टेकडी वहीत लिहून घेतली.

पोचलो अन् धुकं पडलं. असं धुकं की निर्मला माझ्या हाताला धरून चालली होती अन् मला दिसत होता तो फक्त तिचा हात. तीन दिवस तसंच. दरी पाहायला म्हणून कठड्याजवळ जायचो अन् पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या राहायचो. कुसुमबाई चष्मा पुसून पुसून सांगायच्या, "इथं दरी असा पाह्यजे. भल्ली खोल असा पाह्यजे."

तिसऱ्या दिवशी माझं डोकं सटकलं. म्हटलं, "बाई, हेच पाह्यचं व्हतं तं यवतमाळलेच न्हाणीत बंब पेटवून दार लावून घेतलं असतं! चहाबी घरचा भेटला असता!"

परत येताना मोटारीत सगळ्या ओले पदर पिळत होत्या. फक्त मोठ्या बाई म्हणाल्या, "हवा मात्र छान होती हं."

* * *

पुढच्या साली निर्मलेनं थंडीचा मुद्दा काढला. "हिमालयात जायचं तर स्वेटर कोणाकडे आहे?" कोणाकडेच नव्हतं. आमच्याकडं थंडी म्हणजे रात्री एक गोधडी जास्त. मग नागपूरहून लोकर आली. सगळ्या बाया विणू लागल्या. गणिताच्या तासालाही सुया, प्रार्थनेलाही सुया. मोठ्या बाईंची कानटोपी इतकी मोठी झाली की त्यात माझी घंटा बसली असती.

दसरा झाला. स्वेटरं तयार. मोठ्या बाईंचं सगळंच शिस्तीत. म्हणाल्या, "अंगाला सवय हवी. आजपासून रोज एक तास सगळ्यांनी घालून बसायचं."

आश्विनातलं ऊन! बाहेर कावळा झाडाखालून निघत नव्हता. अन् आम्ही पाच जणी ऑफिसात गळ्यापर्यंत लोकर, कानावर टोप्या, तोंडं लालबुंद, घाम टपटप. लीलाबाईंना तर कापरं भरलं होतं.

नेमके त्याच वेळी तपासणीचे साहेब दारात! त्यांनी आम्हाला पाहिलं अन् उंबऱ्यावरूनच दोन पावलं मागं सरकले.

"किती दिवसांपासून आहे हे?"

मोठ्या बाई गोंधळल्या. खरं सांगावं तर शाळेच्या वेळेत सहलीची तालीम! म्हणाल्या, "आजच सुरू झालं, साहेब."

"सगळ्यांना एकदमच?"

"हो साहेब."

साहेब आले तसे गेले. संध्याकाळी डॉक्टर हजर. हिवतापाची साथ म्हणून शाळेत औषध फवारलं, अन् आम्हा पाच जणींना सुट्टीभर गाव सोडायची बंदी! ती दिवाळी आम्ही कोयनेलच्या गोळ्या खाऊन काढली. चिवडाही कडू लागत होता. साहेबांनी मात्र शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'आजारी असूनही सर्व शिक्षिका कामावर हजर. कौतुकास्पद.'

* * *

अशी वर्षं गेली. कुसुमबाईंची शेवटची दिवाळी आली. चैत्रात त्यांची पेन्शन. गुडघेही बोलू लागले होते. तरी चर्चा सुरूच! मोठ्या बाई म्हणायच्या, "विचार करू." लीलाबाई म्हणायच्या, "घरी इचारतो." निर्मलेचं तर लग्न ठरलं होतं.

शाळेला जळण आणून द्यायची जमनी, पांढरकवड्याकडच्या लमाणांच्या तांड्यातली. मोळी टाकून ती पायरीवर टेकली. आमचं बोलणं ऐकलं. ऐकून ऐकून कंटाळली अन् म्हणाली, "बाई, माही आजी मिठाचे बैल घेऊन निंगे. किती डोंगर चढली, किती उतरली, तिलेबी ठाऊक नाही. असं बसून कोनी ठरवलं नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "मग ठरायचं कसं?"

"ठरवा कायले लागते? तांड्यात एक नायक राह्यते. थो उठला का समदे उठते. तुमच्यात नायक कोन हाय?"

सगळ्यांनी मोठ्या बाईंकडं पाहिलं. मोठ्या बाईंनी खिडकीकडं पाहिलं. कुसुमबाई हातातल्या वहीची पानं सरळ करत होत्या, एकच पान, पुन्हा पुन्हा. ते माझ्यानं पाहवलं नाही.

मी उठले, बाहेर गेले अन् घंटेवर असे टोल दिले की शेजारच्या तेलघाणीतले लोक धावत आले. म्हटलं, "मी हाय नायक! कुसुमबाई म्हनतीन तिथं जायचं. लक्ष्मीपूजन झालं का दुसऱ्या दिवशी गाडी. जिले याचं थिनं यावं, जिले नसन याचं थिनं दिवाळीचे दिवे मोजत बसावं!"

मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चपराशी आहात."

"हाव ना. म्हणून तं घंटा वाजवली!"

पाचही जणी निघालो.

* * *

छोट्या गाडीनं मुर्तिजापूर. मग मोठी गाडी, मग दुसरी, मग तिसरी. मग मोटार, अल्मोड्याच्याही पलीकडं. वळणावळणावर निर्मला ओकली, लीलाबाईंनी रामरक्षा म्हटली अन् मोठ्या बाई ड्रायव्हरला "सावकाश, सावकाश" करत राहिल्या. पोचलो तर ढग. एक दिवस ढग, दुसरा दिवस ढग. मी देवाला अशा अशा शिव्या दिल्या की लीलाबाईंनी कान झाकले. परतीची मोटार तिसऱ्या दिवशी दुपारी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीसमोर आम्ही उभ्या होतो. अन् समोरचं सगळं एकदम उघडलं. कोणी पडदा ओढावा तसं. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत पांढरा डोंगर. मी सांगत नाही कसा होता. मला सांगता येत नाही.

निर्मला किंचाळली. मोठ्या बाईंची कानटोपी हातातून पडली. अन् कुसुमबाई? त्या टपरीतून बाहेर आल्या, आमच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या, डोंगराकडं पाठ अन् तोंड आमच्याकडं! इतकी वर्षं नकाशासमोर त्या अशाच उभ्या राहात होत्या ना. तोंड पोरींकडं, छडी पाठीमागं. तोच हात मागं गेला. छडी नव्हती, बोट होतं.

"हे त्रिशूल," त्या म्हणाल्या. "त्याच्या बाजूले नंदादेवी. मंग पंचचुली." बोट बरोबर शिखरावर! न पाहता! "मागच्यांना दिसून राह्यलं ना?"

"बाई, वळा!" आम्ही चौघीही ओरडलो. "अवं बाई, वळून पाहा ना!"

त्या वळेनात. बोट हवेत तसंच. शेवटी मी पुढं झाले, खांदे धरले अन् त्यांना गर्रकन फिरवलं.

त्या उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदर डोळ्यांकडं गेला. आम्हाला फक्त त्यांची पाठ अन् अंबाडा दिसत होता. मग, मान न वळवता, वर्गात बोलतात त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "सगळ्या जणी, मागं फिरा. टपरीकडं तोंड करा."

आधी मोठ्या बाई फिरल्या, मग लीलाबाई, निर्मला अन् मी. तीन दिवस अन् एवढी वर्षं वाट पाहिलेल्या आम्ही, हिमालयाकडं पाठ करून, टपरीच्या काळ्या पत्र्यासमोर रांगेत उभ्या!

टपरीवाला किटली घेऊन बाहेर आला. आम्हाला पाहिलं, डोंगराकडं पाहिलं, पुन्हा आम्हाला पाहिलं. "क्या हुआ, बहनजी?"

मी म्हटलं, "चूप राह्य! इकडं तोंड कर!"

अन् तोही किटली घेऊन आमच्या रांगेत पत्र्याकडं तोंड करून उभा राहिला.