बावीस नंबरचा दुसरा भाग

माझ्या वहीत एकतीस आयरिश धुना आहेत, नंबर घातलेल्या. न्यूझीलंडला शिकायला आले तेव्हा एका आयरिश आजींकडे खोली घेऊन राहत होते. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवायच्या आणि मी खाली फरशीवर, पुण्यात शिकले तशी, मांडी घालून. समोर कागद ठेवलेला त्यांना चालत नसे. मी गुपचूप प्रत्येक धुनेची पहिली ओळ सरगममध्ये उतरवून ठेवली. बाकीचं लक्षात राहील अशी खात्री होती. नावं त्यांना आठवायची नाहीत, ती मीच दिली. 'मांजर खिडकीत ती.' 'टोस्ट जळला ती.'

आजी वारल्या. मी वेलिंग्टनजवळ लोअर हटला आले, मग नोकरी, घर, मुलगी. एकटीने वाजवलं की या धुना झिजतात. दर सहा महिन्यांनी मी तपासते आणि जी पूर्ण येते तिच्यापुढे खूण करते. गेल्या खेपेला चौदाच खुणा झाल्या. बावीस नंबर, जळक्या टोस्टची, आजींची सगळ्यात लाडकी. तिचा दुसरा भागच गेला होता. पहिला संपला की पुढे भिंत.

म्हणून सोबत शोधायला घेतली. लायब्ररीच्या बोर्डावर चिठ्ठी लावली. एकाचा फोन आला, त्याला गिटारचा क्लास काढायचा होता. आयरिश म्हणवणाऱ्या एका पबमध्ये गेले, तिथे टीव्हीवर रग्बी. मराठी मंडळींत विचारलं, तर गणपतीत आरतीला साथ कराल का, असं उलट मलाच विचारलं. केली. शेवटी मी काम करते त्या फार्मसीत एक बाई आल्या, त्यांच्या पिशवीतून लाकडी बासरी डोकावत होती. वेलिंग्टनमध्ये एका हॉलवर रविवारी दुपारी आयरिश धुना वाजवायला जमतो, म्हणाल्या, कुणीही या.

पहिल्या रविवारी आठ जण गोलात बसले होते. मी कोपऱ्यात, व्हायोलिनची पेटी मांडीवर. कुणीतरी 'तुम्हीही वाजवा ना' म्हणेल, मी 'नको नको, तुमचं चालू द्या' म्हणेन, दोनदा आग्रह होईल, मग वाजवीन. आपल्याकडे असंच असतं. कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या रविवारी चहा दिला. तिसऱ्या रविवारी एका धुनेच्या मध्येच मी मोठ्याने 'वा!' म्हणाले, तर दोघं दचकून थांबले.

"ममा, दे थिंक यू आर द ऑडियन्स," मुलगी म्हणाली.

"अगं, पानसुपारी देऊन बोलावणार आहेत का ते तुला?" नवरा.

"तू गप बस."

"बसतो. पण एक रविवार तूही घरी बस. डोळे बघ आरशात."

खरं होतं. सहा दिवस ड्युटी, सातव्या दिवशी ट्रेन पकडून जायचं आणि न वाजवता परत. चौथा रविवार शेवटचा, असं वहीत लिहूनच टाकलं.

त्या दिवशी चारच्या सुमाराला एक धून संपली आणि पुढची कुणी लगेच सुरू केली नाही. परतीच्या ट्रेनला वीस मिनिटं होती. आग्रहाची वाट बघण्याचंही त्राण उरलं नव्हतं. मी उठले, गोलात जमिनीवर बसले, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं आणि बावीस नंबर सुरू केली.

"अखेर!" बासरीवाल्या बाई म्हणाल्या. पहिला भाग दुसऱ्यांदा आला तोवर सगळे सामील झाले होते. मग भिंत आली. मी गज उचलला. ते थांबले नाहीत. दुसरा भाग माझ्या डोक्यावरून पुढे गेला, आणि एका जागी ते वर चढले तिथे मला खटकलं. आजी तिथे खाली यायच्या. खाली येऊन, दमून जिन्यात टेकावं तशा क्षणभर थांबायच्या. त्यामागून उरलेलं सगळं आठवलं.

पुढच्या फेरीत त्या जागी मी खाली आले.

"हे कुठून आणलंस?" संपल्यावर बाईंनी विचारलं.

"एका स्वयंपाकघरातून."

"नाव काय?"

"टोस्ट जळला ती."

"आम्हाला तर नावच माहीत नाही. पुन्हा वाजव. आम्हीही खाली येतो."

पुन्हा वाजवली. ट्रेन गेली. पुढची तासाने होती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर वही काढली आणि या वेळी धून पूर्ण लिहिली. आजींना चाललं नसतं. चौदाच्या पंधरा खुणा झाल्या. 'शेवटचा रविवार' खोडला. पाठ इतकी दुखत होती, की उरलेल्या सोळांचा विचार ट्रेन येईपर्यंत केला नाही.